उत्तरादितच्या जुन्या लोहखाणी आणि थाई लोहारकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंडच्या उत्तर भागात, उत्तरादित प्रांतात बान नाम फी नावाचं गाव आहे. शेकडो वर्षं तिथल्या जमिनीतून लोखंडाचा दगड खणला गेला. त्यातल्या दोन खाणी तर फक्त राजाच्या शस्त्रांसाठी राखलेल्या होत्या. टूरवाल्यांच्या यादीत हे गाव नसतं, त्यामुळे जाण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात तर माहीतगार माणूसही सापडत नाही. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. लोखंडाचा नाद नसेल तर सरळ "कसं जायचं" या प्रश्नावर उडी मारा.

बान नाम फी नेमकं कुठे आहे?

उत्तरादित प्रांतातल्या थोंग सेन खान तालुक्यात, उत्तरादित शहरापासून साधारण ५५ किलोमीटरवर. नकाशावर शोधताना "बो लेक नाम फी" असं शोधा. बो म्हणजे खाण किंवा विहीर, लेक म्हणजे लोखंड. नुसतं गावाचं नाव टाकलं तर नकाशा कधीकधी भलत्याच वाडीत नेऊन सोडतो.

तिथे दिसतं काय? एवढ्या लांब जाऊन दिवस वसूल होतो का?

भव्य असं काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कुंपण घातलेले जुने खड्डे, शेजारी खाणीच्या रक्षक देवतेचं ठाणं, लोखंड गाळण्याची आणि घडवण्याची रीत दाखवणारं गावपातळीवरचं संग्रहालय आणि चाकू, छोट्या तलवारी, तावीज विकणारी दुकानं. फोटो काढून पुढे पळणाऱ्याला अर्धा तास पुरे. जुन्या राजधान्यांचं वैभव, म्हणजे अयुथ्याचे प्रासाद किंवा सुखोथाईचे बुद्ध, डोळ्यांसमोर ठेवून आलात तर हिरमोड होईल.

पण खाली बघत चालायची सवय असेल तर हे ठिकाण वेगळंच आहे. जुन्या लोहकामाच्या जागेची खरी खूण जमिनीवर पडलेली असते, ती म्हणजे कीट. लोखंड गाळताना निघालेला मळ. काळा, हाताला वाटतं त्याहून जड. एका बाजूला काचेसारखी चकाकी, दुसऱ्या बाजूला वितळून ओघळल्याच्या वळ्या, आणि तुटलेल्या कडेला बारीक बारीक फुग्यांची भोकं. त्या वळ्यांकडे नीट पाहिलं तर कीट भट्टीतून कोणत्या दिशेने वाहिली तेही कळतं. तलवार पिढ्यानपिढ्या हात बदलते, तिच्याभोवती गोष्टी जमतात. कीट मात्र कुणी उचलत नाही, म्हणून पुरातत्त्वज्ञ तलवारीपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

आपल्याकडे एक अपवाद आहे. आयुर्वेदातलं मंडूर भस्म याच लोहकिटाचं होतं, आणि कीट जितकी जुनी तितकी गुणकारी, शंभर वर्षांची सर्वांत उत्तम, असं जुने ग्रंथ सांगतात. घरात वैद्यकीची परंपरा असलेल्या माणसाला घेऊन गेलात तर तो खड्ड्याकडे पाठ करून जमिनीकडेच बघत बसेल.

"बो फ्रा साएंग" आणि "बो फ्रा खान" या दोन खाणींचं एवढं काय?

परिसरात खड्डे अनेक होते. गावकरी त्यातून कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ करण्यासाठी दगड काढत. पण या दोन खाणींचं लोखंड सर्वांत चांगलं मानलं गेलं आणि ते राजाच्या शस्त्रांसाठी राखलं गेलं. नावंही तशीच आहेत: एक राजाच्या तलवारीची, दुसरी राजाच्या दुधारी खड्गाची. इथे सामान्य माणसाने खणायचं नाही, ही बंदी राजाज्ञेइतकीच श्रद्धेनेही पाळली गेली. आजही फ्रा खान खाणीच्या देवतेला लोक फुलं, उदबत्त्या वाहतात, नवस बोलतात.

आता "चांगलं लोखंड" म्हणजे काय? जुन्या पद्धतीने गाळलेल्या लोखंडाचा दर्जा दगडात काय काय मिसळलेलं आहे यावर फार अवलंबून असतो. गंधक जास्त असेल तर तापवून ठोकताना लोखंड फुटतं, स्फुरद जास्त असेल तर थंड झाल्यावर ठिसूळ राहतं. लोहाराला ही रसायनं माहीत नव्हती, पण कुठल्या खड्ड्याचा माल घणाखाली नीट पसरतो आणि कुठल्याला चिरा जातात हे हाताला बरोबर कळायचं. एखादी खाण "राजाची" ठरायला हे कारण पुरेसं आहे. त्यावर देवत्व नंतर चढलं की आधीपासून होतं, याचा वाद गावात घालू नका.

म्हणजे थाई राजाची राज्याभिषेकाची तलवार याच लोखंडाची?

नाही. हा घोटाळा बऱ्याच लेखांतून फिरतो. राज्याभिषेकात राजाला दिलं जाणारं "फ्रा साएंग खान चाई सी" हे खड्ग कंबोडियातलं. त्याचं पातं तिथल्या तोनले साप सरोवरात कोळ्याच्या जाळ्यात सापडलं असं सांगतात. १७८४ मध्ये ते चक्री घराण्याचा पहिला राजा, पहिला राम, याच्याकडे आलं आणि मूठ व म्यान बँकॉकमध्ये नवं केलं गेलं. २०१९ च्या राज्याभिषेकातही तेच खड्ग होतं. खाणीच्या नावाशी त्याचं नाव जुळतं, बाकी संबंध नाही.

नाम फीच्या लोखंडाची खरी कीर्ती साहित्यात आहे. "खुन चांग खुन फेन" या प्रसिद्ध थाई दीर्घकाव्यात नायक आपली जादूची तलवार घडवतो, त्यासाठी जमवलेल्या लोखंडांची लांबलचक यादी आहे. त्यात चैत्याच्या कळसाचं लोखंड आहे, शवपेटीचे खिळे आहेत, आणि त्याच दमात बो फ्रा साएंग आणि नाम फीही आहेत. सामान्य थाई माणसाला हे नाव शाळेपासून ओळखीचं असतं ते या काव्यामुळे आणि पुढच्या प्रश्नातल्या माणसामुळे.

उत्तरादित शहरात मोडकी तलवार घेतलेला पुतळा आहे, तो कुणाचा?

फ्राया फिचाई दाप हाक. "दाप हाक" म्हणजे मोडलेल्या तलवारीचा. जन्म १७४१, याच प्रांतातल्या फिचाई भागातला. लहानपणी घरातून पळून मुष्टियुद्ध शिकलेला पोर. त्या काळी थाई लोक विडा खात आणि दात काळे असत. हा खात नसे, म्हणून त्याला "पांढऱ्या दातांचा थोंगदी" म्हणत. पुढे तो ताक्सिनच्या पदरी लागला. अयुथ्या १७६७ मध्ये ब्रह्मी (म्यानमारच्या) सैन्याने जाळल्यावर ज्याने राज्य पुन्हा उभं केलं तो हा ताक्सिन राजा. १७७३ मध्ये फिचाईवर ब्रह्मी सैन्य चालून आलं तेव्हा दोन हातांत दोन तलवारी घेऊन हा लढला. पाय घसरला, तोल सावरायला एक तलवार जमिनीत रोवली, ती मोडली, आणि अर्ध्या तलवारीने तो लढत राहिला.

१७८२ मध्ये ताक्सिनची सत्ता गेली. नव्या राजाने फ्राया फिचाईला सेवेत राहायला सांगितलं, पण आपल्या धन्याच्या पश्चात जगायचं नाही म्हणून त्याने मरण पत्करलं, अशी परंपरा आहे. त्या तलवारी नाम फीच्या लोखंडाच्या होत्या असं उत्तरादितचा माणूस ठामपणे सांगतो. ही स्थानिक श्रद्धा आहे, तिला कागदाचा आधार मागत बसू नये.

पुतळा उत्तरादित शहरात आहे, १९६९ साली उभारलेला. जवळच नाम फीच्या लोखंडाची एक अवाढव्य तलवार ठेवली आहे, वजन ५५७.८ किलो. माझ्या मते ती बघितली नाही तरी चालेल. तलवार माणसाच्या हाताला पेलेल एवढीच असावी. मुलांना मात्र जाम आवडते. जानेवारीत, ७ तारखेपासून दहा दिवस, फ्राया फिचाईच्या नावाने शहरात मोठी जत्रा भरते.

थायलंडमध्ये लोखंड किती जुनं?

साधारणपणे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपास लोखंड तिथे दिसू लागतं. ईशान्येकडच्या बान चियांग इथे (१९९२ पासून जागतिक वारसा) कांस्य आणि लोखंड एकाच वस्तूत वापरलेलं दिसतं: भाल्याचं पातं लोखंडी, त्यावर ओतलेली दांडा बसवायची खोबण कांस्याची. नवा धातू जपून, धारेपुरताच वापरायचा काळ तो.

आपल्या दृष्टीने जास्त रंजक जागा म्हणजे कांचनबुरीतलं बान दोन ता फेत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या आसपासच्या या दफनभूमीत लोखंडी अवजारं आणि शस्त्रं भरपूर निघाली, आणि त्यांच्याबरोबर अकीक मण्यांचा खजिना. नक्षी उमटवलेले ते मणी आणि अकीकाचा छोटा सिंह भारताशी असलेल्या व्यापाराची साक्ष देतात. लोखंडाची विद्याही त्याच वाटेने गेली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बुरीराममधलं बान दोन फ्लोंग आणि लोपबुरीतलं बान दी लुंग इथे लोखंड गाळल्याच्या जागा उत्खननात निघाल्या आहेत. नाम फीच्या राजखाणी या लांब साखळीच्या अलीकडच्या टोकाला.

दगडातून लोखंड काढत कसे?

इथे शाळेत शिकलेलं जरा बाजूला ठेवावं लागतं. लोखंड वितळवून साच्यात ओतणं ही जुनी रीत नव्हेच. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात आणि मातीच्या छोट्या भट्टीत, हाताच्या भात्यावर तेवढी धग टिकत नाही. १,२०० च्या आसपास मात्र जाता येतं, आणि तेवढ्याने काम होतं.

दगड फोडून, भाजून, बारीक करायचा. भट्टीत लाकडी कोळसा आणि दगड यांचे थर द्यायचे आणि तळाशी मातीच्या नळीतून भात्याची हवा सोडत राहायचं. कोळशाचा धूर, म्हणजे नीट सांगायचं तर कार्बन मोनॉक्साइड, दगडातला प्राणवायू ओढून घेतो. दगडातला बाकीचा मळ वितळून कीट होतो आणि खाली वाहून जातो. लोखंड वितळत नाही. ते घट्टच राहून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा गोळा तयार होतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांना स्पंज आयर्नचे कारखाने माहीत असतील. तत्त्व तेच, लोखंड न वितळवता प्राणवायू काढून घेण्याचं.

खरी मेहनत यानंतर. तो लाल गोळा बाहेर ओढून घणाखाली घ्यायचा. पहिल्या घावांना ठिणग्यांबरोबर वितळलेली कीट बाहेर उडते, म्हणून ते घाव हलके, दाबल्यासारखे घालतात. एकदम जोर लावला तर गोळा फुटून जातो. पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं, दुमडायचं, असं करत करत भोकं बुजतात आणि हाती पट्टी येते. भट्टीत घातलेल्या दगडाच्या मानाने ही पट्टी फारच लहान असते, कारण बरंचसं लोखंड कीटेबरोबर वाहून गेलेलं असतं.

आणि कोळसा? एका भट्टीमागे जंगलाचा केवढा तुकडा जळत असेल याचा हिशेब कुणी डोळ्यांसमोर आणत नाही. जुन्या लोहखाणी डोंगर-जंगलाला धरून असतात, त्याचं निम्मं कारण हा कोळसा आहे.

घण चालताना कुठे बघायला मिळेल? नाम फीला लोहार आहेत का?

आहेत, गावात चाकू आणि छोटी पाती घडवतात. पण बान नाम फी ही आता मुख्यतः स्मरणाची जागा आहे. लोहारकाम भरात बघायचं असेल तर अयुथ्या गाठा. माझं स्पष्ट मत: दोन्ही ठिकाणं एकाच सहलीत करावीत, नाहीतर चित्र अर्धवट राहतं. वेळ एकाच जागेपुरता असेल तर खाण सोडा, लोहार बघा.

अयुथ्या प्रांतातल्या नाखोन लुआंग तालुक्यात बान तोन फो आणि बान फाई नोंग ही लोहारांची गावं आहेत. इथल्या चाकूंना सगळं थायलंड "अरन्यिक" म्हणून ओळखतं. गंमत अशी की अरन्यिक हे शेजारच्या गावाचं नाव. माल आधी तिथल्या बाजारात विकला जाई, म्हणून नाव बाजाराचं पडलं आणि घडवणारी गावं मागे राहिली. हे लोहार मूळचे लाओसमधल्या विएन्तियानचे, साधारण दोनशे वर्षांपूर्वी इथे येऊन वसलेले. त्यांच्यात सोनारकाम करणारेही होते. ते थांबलं, लोखंड टिकलं. या जागी वसण्याचं एक कारण बांबू. बांबूचा कोळसा भट्टीला, बांबू मुठीला आणि बांबू घरालाही.

काम चाललेलं असताना आवाजावर लक्ष ठेवा. मुख्य कारागीर सांडशीत लाल पट्टी धरून ऐरणीपाशी बसतो आणि तिघं घणकरी एकामागोमाग घाव घालतात. तिघांच्या घणांमध्ये एक श्वासाचंही अंतर नसतं, तरी घण एकमेकांना लागत नाहीत. कारागीर तोंडाने काही बोलत नाही. प्रत्येक घावागणिक तो पट्टी किंचित सरकवतो, वळवतो, आणि घण कुठे पडणार ते त्याच्या मनगटावर ठरतं. आता बऱ्याच ठिकाणी यांत्रिक हातोडा आला आहे आणि माल बहुतेक ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचा किंवा तयार पट्टीचा असतो. आपल्याकडचा लोहारही कोयता पाट्याचाच करतो, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पाट्याचं पोलाद जुन्या गाळलेल्या लोखंडापेक्षा धारेला सरसच.

शेवटचे दोन टप्पे चुकवू नका. पाणी पाजताना अख्खं पातं बुडवत नाहीत, फक्त धारेची कड बुडवतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ नरम राहते, म्हणजे हाडावर आपटलं तरी पातं तुटत नाही. आणि मूठ बसवताना भोकात लाख भरून पात्याची तापवलेली शेपटी आत दाबतात. लाख वितळते, थंड होते, आणि मूठ पक्की बसते. तिथे उभं राहिलं की जळक्या लाखेचा वास बराच वेळ नाकात राहतो.

भट्टीची पूजा असते म्हणे. पाहुण्याला बघता येते का?

येते. तिला "वाई ख्रू" म्हणतात, गुरुवंदना. अरन्यिकच्या लोहारांची ही पूजा थाई चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, शुक्लपक्षातल्या गुरुवारी असते. म्हणजे बहुधा मार्चअखेर ते एप्रिल. दरवर्षी तारीख बदलते, तिथल्या पर्यटन कार्यालयाकडून विचारून घ्या. काम बंद असतं. भाता, ऐरण, घण, सांडश्या धुऊन-पुसून मांडतात. केळी, नारळ, ऊस यांच्या जोडीला डुकराचं मुंडकं आणि कोंबडीही नैवेद्यात असते, तेव्हा घरून शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर आधी कल्पना द्या. हत्यारांना टिळा लावून सोन्याचा वर्ख चिकटवतात.

आवाहन ऐकताना आपले कान टवकारतात. बुद्धवंदनेनंतर फ्रा इसुआन, फ्रा नाराय आणि फ्रा वित्सनुकाम यांची नावं येतात, म्हणजे शिव, नारायण आणि विश्वकर्मा. आपल्याकडचे पांचाळ, लोहार, सुतार विश्वकर्म्याला मानतात आणि खंडेनवमीला हत्यारं पूजतात. तिथला लोहार बौद्ध असून त्याच देवाला हात जोडतो. मात्र "हे सगळं आपलंच" असं तिथे जाहीर करू नका. हे देव ख्मेर (कंबोडियातल्या) आणि थाई दरबारांतून, शेकडो वर्षांच्या प्रवासात त्यांचे झालेले आहेत.

नाम फीचं लोखंड भूत-पिशाच्च पळवतं, गंजत नाही. खरं का?

पहिल्या भागाबद्दल थाई माणसाला शंका नाही. त्याचे तावीज मिळतात, बुद्धमूर्तीही करतात. लोखंडाच्या अंगच्या या शक्तीवरची श्रद्धा तिथे जुनी आहे. "मीत मो" नावाचा विधीचा चाकू असतो, तो कापायला नसतो, बाधा उतरवायला असतो. नाखोन सावानमधल्या वात नोंग फो मठाचे भिक्खू लुआंग फो दोएम (१८६०–१९५१) यांचे असे चाकू संग्राहक प्रचंड किमतीला घेतात आणि त्यामुळेच बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. जुना म्हणून कुणी दाखवला तर घेऊ नका, इतकंच सांगतो.

दुसऱ्या भागाबद्दल: लोखंड ते लोखंड. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत तेलाचा हात फिरवला नाही तर गंजणारच.

चाकू किंवा तलवार घरी आणता येईल?

स्वयंपाकाचा किंवा बागकामाचा चाकू चेक-इन सामानात, नीट गुंडाळून. केबिन बॅगेत अजिबात नाही. तलवारीचा मोह टाळा. आपल्या शस्त्र नियमांनुसार तलवार, खंजीर आणि घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाचे नसलेले ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू हे शस्त्रांत मोडतात आणि परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. "शोभेची आहे हो" हे वाक्य विमानतळावर चालत नाही.

अरन्यिकचा भाजीचा साधा चाकू घ्या. पातं पातळ, वजन हलकं, आणि गृहिणीच्या हाती रोज लागेल.

जमिनीवरची कीट किंवा दगडाचा तुकडा आठवण म्हणून उचलला तर?

उचलू नका. जुन्या वस्तू आणि अवशेषांबाबत थायलंडचा १९६१ चा कायदा आहे आणि पुरावस्तू देशाबाहेर न्यायला त्यांच्या ललितकला विभागाचा परवाना लागतो. बुद्धमूर्तींनाही नियम आहेत. त्याखेरीज राजाच्या खाणीतलं काही परस्पर नेणं गावाला आवडत नाही. दुकानात विकायला ठेवलेला तुकडा असेल तर तो घ्या आणि पावती जपून ठेवा.

कसं जायचं?

मुंबईहून बँकॉक साधारण साडेचार तास. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून चियांग माईकडे जाणाऱ्या गाड्या उत्तरादित किंवा जवळच्या सिला आत स्थानकावर थांबतात. अंतर ४८५ किलोमीटर, वेळ गाडीप्रमाणे सात ते नऊ तास. तिकीट काढताना कुठल्या स्थानकाचं आहे ते नीट बघा, दोन्ही स्थानकं काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. विमानाने फित्सानुलोकपर्यंत येऊन तिथून साधारण १०० किलोमीटर रस्त्यानेही येता येतं.

उत्तरादित ते नाम फी सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर राहू नका, चालकासह गाडी ठरवा. स्वतः चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. अयुथ्या बँकॉक–उत्तरादित रेल्वेमार्गावरच आहे, त्यामुळे जाताना किंवा येताना लोहारांच्या गावांसाठी एक दिवस सहज काढता येतो.

व्हिसाचे नियम बदलत असतात. जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसामाफी मिळू लागली आणि १ मे २०२५ पासून येण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरणं सक्तीचं झालं. निघण्याच्या महिन्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा.

कोणत्या दिवसांत जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये उत्तरादित म्हणजे अक्षरशः भट्टी: १९६० च्या एप्रिलमध्ये तिथे ४४.५ अंश नोंदले गेले आणि कितीतरी वर्षं तो देशाचा विक्रम होता. विदर्भातल्या लोकांना त्याचं काही वाटणार नाही म्हणा. वाई ख्रू बघायची तर हा उकाडा सोसावाच लागतो.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

बँकॉकपेक्षा अवघड, पण उपाशी राहणार नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं असलेली "जे" खानावळ शोधा. तिथे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मंडळींचीही बऱ्यापैकी सोय. इतरत्र भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, तेव्हा "नाम प्ला नको" हे थाईत लिहून घेऊन जा. शेजारच्या लाप्ले गावात "खाओ फान" मिळतो: तांदळाच्या पिठाचं पातळ घावन वाफेवर करून त्यात भाज्या गुंडाळतात. अंडं नको म्हणून सांगा. लाप्लेचा दुरियान प्रसिद्ध आहे. ज्याला फणसाचा वास सहन होतो त्यानेही जरा जपूनच सुरुवात करावी.

लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर?

नाम फीला फार चालावं लागत नाही. अरन्यिकला मात्र भट्टीपासून अंतर ठेवा. ठिणग्या आणि लोखंडाचे तापलेले पापुद्रे उडतात. सिंथेटिक कपडे नकोत, सुती घाला, पायात बंद बूट. ऐरणीवर बसणं, तिच्यावर पाय ठेवणं किंवा भाता ओलांडणं टाळा. आपल्या लोहाराच्या साळेतही हे चालत नाही.

एवढं लांब न जाता महाराष्ट्रात असं काही आहे का?

आहे, आणि ते नाम फीपेक्षा कितीतरी जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंड इथे १९७८ ते ८० च्या दरम्यान डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. गोलाई दिलेल्या मातीच्या विटा, भात्याच्या नळ्यांचे तुकडे आणि कीट. विदर्भातल्या शिळावर्तुळांमध्ये, म्हणजे मोठ्या दगडांची कडी मांडलेल्या जुन्या दफनांमध्ये, पुरलेल्या कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांचे लगाम असल्याच भट्ट्यांच्या लोखंडाचे. फरक एवढाच की नायकुंडला गेलात तर बघायला शेतंच आहेत. तिथे ना संग्रहालय, ना फलक, ना देवतेचं ठाणं. थायलंडमधल्या एका तालुक्याच्या गावाने आपल्या खड्ड्यांभोवती कुंपण घातलं, संग्रहालय बांधलं, शाळकरी मुलांच्या सहली तिथे नेल्या. आपल्याकडे वस्तू पाहायच्या तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज गाठावं लागतं. डेक्कन कॉलेजला जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

तिथे इंग्रजी चालतं का?

नाम फीला जवळपास नाही. फोनवरचं भाषांतराचं ॲप ठेवा आणि थाई भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा. लोहारांशी बोलताना ॲपचीही फारशी गरज पडत नाही. पात्याची धार अंगठ्याच्या नखावर हलकेच लावून बघा, म्हणजे तुम्हाला त्यातलं कळतं हे त्यांना कळतं, आणि मग आतल्या खोलीतला विकायला न ठेवलेला माल बाहेर येतो.